बिनभरतीची अनुसया

मंगळवारी संध्याकाळी मी अनुसयाची नखं कापली.

उजव्या हाताची. डाव्या हाताची ती दातानं कुरतडून काढायची, त्याला माझी गरज नव्हती. उजवा हात लकव्यानं गेला होता. म्हणजे गेला नव्हता, मूठ होऊन बसला होता. नखं वाढली की तळहातात रुतायची आणि तिथं जखम व्हायची. म्हणून अधूनमधून ओसरीत उजेड आहे तोवर हे काम उरकावं लागे. मी ब्लेड घेऊन बसायचो, ती हात माझ्या मांडीवर टाकायची आणि तोंड दुसरीकडं करून मला बोलायची.

"बोट कापता का नख कापता जी?"

"हालवू नको."

"हालवू कायनं? हालला असता तं तुमाले इथं बसवलं असतं का?"

त्या दिवशी मात्र मी अंगठा धरायला गेलो तर म्हणाली, थांबा. डोळे मिटले, दात आवळले, आणि बोटं आपलीआपण उघडायला लागली. अंगठा सुटला. त्याच्या बाजूचं सुटलं. मधलं सुटलं. चौथं अर्ध्यावर येऊन थांबलं. करंगळी काही ऐकेना. तिच्या कपाळावर घाम आला होता. मी घाईघाईनं नखं कापली. मग तिनं बोटं मिटू दिली आणि म्हणाली, "मुनीमजी आज अर्धा दिवस कामावर आले."

मुनीमजी हे तिनं त्या हाताला ठेवलेलं नाव. आम्ही दोघंही अर्जुनीच्या राईस मिलमध्ये कामाला होतो. मी हमाल, ती रेजा, म्हणजे मजूरबाई. मिलमध्ये सगळे उभ्यानं राबायचे, एक मुनीम तेवढा गादीवर मूठ गालाला लावून बसलेला असायचा. लकव्यानंतर हात आखडून मूठ झाला तेव्हा दवाखान्याच्या पलंगावरच तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि वाकड्या तोंडानं म्हणाली, "हा आता मुनीम झाला. बसून खाईल." तेव्हापासून रोज सकाळी हाताला हाक, "उठा मुनीमजी, दिवस निंगाला." कोणी पाहुण्यानं विचारलं, हात कसा आहे, तर सांगायची, "रुसला आहे." हात मेला असं ज्यानं म्हटलं त्याला चहा मिळत नसे.

माणूस मेलं की लोक त्याच्याबद्दल गोड लिहितात. अनुसया गोड नव्हती. काळी, उंच, हाडापेरानं मोठी, आणि आवाज असा की धान सडायचा हलर चालू असतानाही मिलच्या फाटकापर्यंत जायचा. मनात एक आणि तोंडात एक हे तिला जमलंच नाही. त्यापायी माझी पुष्कळ जागी लाज गेली.

आमच्या मागच्या गल्लीत एक माणूस मेला. दारू प्यायचा, बायकोला मारायचा, हे साऱ्या गावाला माहीत. बायका जमल्या आणि जी ती म्हणू लागली, किती चांगला होता, किती मायाळू होता. अनुसया गेली, त्या बाईच्या बाजूला बसली आणि सरळ म्हणाली, "रडू नको वं सुलोचना. आता मार नाई भेटनार."

बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. दोघी तर उठूनच गेल्या. मी दाराशी उभा होतो, मला तिथून पळावंसं वाटलं. पण सुलोचनानं तोंडातला पदर काढला, अनुसयाकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "हो वं माय." त्यानंतर ती रोज दुपारी आमच्याच ओसरीत येऊन बसायची. तिच्याशी खरं बोलणारी तेवढी एकच होती म्हणून असेल.

मिलमध्ये अनुसयाचं काम कट्ट्यांची, म्हणजे पोत्यांची, तोंडं शिवायचं. कट्टा काट्यावर चढायचा, चाळीस किलो भरला की तोलणारा बोट वर करायचा, आणि अनुसया ओरडायची, "भरती!" की मी पाठ लावायला तयार. तोवर तिची दाभण पोत्याच्या तोंडावरून सरसर पार झालेली असायची. आमच्यात भरती म्हणजे हीच. पोत्यात माल किती, ती त्याची भरती. दुसरी कोणती भरती असते हे आम्हाला म्हातारपणी कळलं.

आणि जेवण. दुपारची सुट्टी झाली की बायका कोंढ्याच्या ढिगाशेजारी गोल करून बसत. अनुसयाचा नियम होता, डबे मधे उघडायचे. कोणाची अंबाडीची भाजी, कोणाचं सुकट, कोणाचा नुसता भात आणि मिरची. सगळ्यांनी सगळ्यांतलं घ्यायचं. एखादी कोपऱ्यात बसून खाताना दिसली की हिची हाक जायची, "काय चोरून आनलं वं? एकटी खाऊन राहिली!" घरीही तेच. मी शेतातून, मिलमधून, कुठूनही किती उशिरा येवो, ती थांबलेली असे. समोरासमोर दोन थाळ्या. तिचा घास मोठा असायचा, हात पहिल्या पेरापर्यंत भातात. कालवणाचा भुरका मारायची. तिच्यासमोर बसलं की भूक नसलेला माणूसही जेवायचा.

लकवा आला तो सकाळी अंगण झाडताना. झाडू हातातून पडला, तिनं उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी तीच पडली.

आमचा एकुलता मुलगा दिलीप नागपूरला एका कंपनीत आहे. त्याच्या कंपनीनं काढलेल्या विम्यात मायबापाचं नाव घालता येत होतं, त्यानं घातलं होतं. दर महिन्याला त्याच्या पगारातून कापून जायचे. अनुसयाला विमा म्हणता येत नसे, ती इमा म्हणायची. नागपूरच्या दवाखान्यात ती होती तोवरचं सगळं त्या विम्यानं दिलं. खोटं कायला बोलू, मोठं बिल होतं, आमच्यानं ते झालं नसतं. घरी आल्यावर तोंड वाकडं, हात मूठ, पाय ओढत, पण येईल त्याला पहिली गोष्ट हीच सांगायची, "आमचा इमा आहे." जसं कोणी सांगतं आमची विहीर आहे.

डॉक्टर म्हणाले होते, औषधानं झालं तेवढं झालं. आता खरं औषध व्यायाम. पायाचा वेगळा, हाताचा वेगळा. आणि लवकर करा, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे, नंतर अंग शिकत नाही. गोंदियाला एका इमारतीत दोन खोल्या होत्या. एकीत पायाचा व्यायाम घेणारी मॅडम, दुसरीत हाताला काम शिकवणारी. चमचा धरणं, बटण लावणं, जेवणं, वेणी घालणं, असं सगळं ती नव्यानं शिकवायची. त्या विद्येला मोठं नाव आहे. आम्ही पायवाली आणि हातवाली म्हणायचो.

घरी आल्यानंतरचे थोडे दिवस विम्यानं त्याचेही पैसे दिले. मग एक दिवस फोन आला. मला कमी ऐकू येतं म्हणून फोन अनुसयाच उचलायची. डाव्या हातानं, स्पीकर लावून. पलीकडं विमा कंपनीची पोरगी, हिंदीत बोलत होती.

"अनुसयाबाई की भर्ती कितने दिन की थी?"

अनुसयानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, मला काय माहीत. ती म्हणाली, "भर्ती दिन की नई होती बाई. किलो की होती."

"जी?"

"चालीस किलो. कट्टे की भर्ती चालीस किलो. तुमको धान पाह्यजे का?"

पोरगी गोंधळली. तिनं पुन्हा विचारलं, आजी, तुम्ही आता भर्ती आहात का? अनुसया म्हणाली, "मी बाई आहो, पोतं नाई." आणि फोन बंद केला. मला म्हणाली, "येडी आहे, धान इचारून राहिली."

संध्याकाळी दिलीपचा फोन आला तेव्हा उलगडा झाला. दवाखान्यात पलंगावर राहणं म्हणजे भरती. भरती असेल तर विमा पैसे देतो. घरून जाऊन-येऊन व्यायाम केला, तर ठरलेले दिवस संपल्यावर तो आपल्या खर्चानं करायचा. अनुसया हसून हसून खोकायला लागली. पण खोकला थांबल्यावर म्हणाली, "म्हंजे माही भरती संपली."

दिलीप हातावर हात धरून बसणारा पोरगा नाही. त्यानं इकडंतिकडं विचारलं. एका खाजगी दवाखान्यात म्हणाले, आजीबाईंना आमच्याकडं भरती करा, दहा दिवस दिवसातून दोनदा पायाचा-हाताचा व्यायाम देऊ, कागद आम्ही पाठवतो. खोटं काही नव्हतं त्यात, व्यायाम खरोखरच मिळाला. अनुसयानं पलंगावर बसून पाय हलवले, भिंतीला धरून उभी राहिली, तिसऱ्या दिवशी काठी घेऊन चालायला लागली. नर्स म्हणायची, आजी, आता पडून राहा. ही म्हणायची, "पायवाली म्हनते चाल, तू म्हनतेस पड. तुमी दोघी आधी ठरवा."

विमा कंपनीचा एक माणूस तपासायला आला तो नेमका तेव्हा, जेव्हा ती व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती. मी बाकावर बसलो होतो. त्यानं तिलाच विचारलं, "बाई, अनुसयाबाई नाम का पेशंट किस पलंग पे है?"

"मीच."

"आप तो चल रही हैं."

"मंग? चालाचंच तं शिकवते इथं."

"तो भर्ती काहे को हुए?"

"तेच तं मी तुमाले इचारते. घरून आली तं तुमी पैसे देत नाई, पलंगावर आली तं म्हनता काऊन आली. मी बसू कुठी?"

तो माणूस वाईट नव्हता. हसला, तिला खुर्ची दिली, मला पाणी विचारलं. पण जे दिसलं ते लिहून घेऊन गेला. पुढं कंपनीनं कळवलं, पेशंट चालत होता, नुसत्या व्यायामासाठी भरतीची गरज नव्हती. सगळं दिलीपच्या अंगावर पडलं.

तो रविवारी गावी आला. ओसरीत बसला, बूटही काढले नाहीत.

"माय, तू तेवढा वेळ निजून राह्यली असती तं काय बिघडलं असतं?"

"बिमार असती तं निजली असती."

"तू बिमारच आहेस!"

"चालाले आली ना मी? तूच तं म्हनला होता चालाले येईल. आता आली तं काऊन रागावून राहिला?" मग तिचा आवाज खाली आला. "निजून राह्यली तं पैसे, उठून चालली तं नाई. बरं होनाऱ्यालेच दंड. असा कसा इमा रे हा?"

दिलीपनं तेव्हा कुठं बूट काढले. 

त्याच दिवशी तो दुसरी गोष्ट बोलला, खाली मान घालून. दोन्ही मॅडमचं माझ्यानं होणार नाही माय. घराचा हप्ता आहे, पोरीची शाळा आहे. एकीचं होईल. पायवालीचं चालू ठेवू. तू संडासला आपली आपण गेली पाहिजे, बाबाच्यानं तुला उचलणं होत नाही.

त्याचं खरं होतं. माझ्या खांद्यानं आयुष्यभर कट्टे वाहिले, आता तो माझा हातही वर नेत नाही. मी मान हलवली.

अनुसया म्हणाली, "पाय नको. हात."

"माय, ऐक तं."

"काठी आहे, भिंत आहे, तुहा बाप आहे. पायाचं भागते. पायानं मी कुठी जाऊन राहिली? हात पाह्यजे मले."

"हात कायले? बाबा भरवतील."

तिनं मान वळवली.  दिलीपला कळलं नाही. तो नागपूरला असायचा, त्याला घरात काय चाललं होतं ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

दवाखान्यातून आली त्या पहिल्या दिवशी सून भरवायला बसली होती. अनुसयानं तोंड मिटून घेतलं. सुनेनं गोड बोलून पाहिलं, मग मी पाहिलं. नाहीच. "मी लेकरू आहो का?" डाव्या हातानं जेव म्हटलं तर म्हणाली, "तो हात कायच्या कामाचा ते तुमाले माहीत नाई का? त्यानं अन्न उचलू का लोकायसमोर?" शेवटी डाव्या हातात चमचा धरायला तयार झाली, पण एका अटीवर. समोर कोणी नको.

तेव्हापासून ती रांधणीच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून जेवायची. मी आधी जेवून घ्यायचं, मग तिला थाळी द्यायची आणि बाहेर जायचं. चमचा थाळीवर वाजल्याचा आवाज ओसरीत यायचा. भात खाली सांडला की ती थांबायची, आवाजही थांबायचा. मी हाक मारायची नाही हे ठरलेलं होतं. घरात माणसं दोन आणि जेवणं दोन वेळेला. मी एकटा थाळीसमोर बसायचो तेव्हा मला मिलमधली तिची हाक आठवायची, पण आता कोणाला काय म्हणणार. सुलोचना एकदा वांग्याची भाजी घेऊन आली आणि म्हणाली, चाल वं, दोघी बसू. अनुसया म्हणाली, "ठेवून जा." तिला असं कोणाला परत पाठवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

एकदाच मी विचारलं, किती दिवस असं चालायचं. ती म्हणाली, "मुनीमजी उठले का मंग बसू एका ठिकानी."

म्हणून हात. दिलीपनं शेवटी हो म्हटलं.

दर गुरुवारी आम्ही सकाळच्या पॅसेंजरनं गोंदियाला जायचो. गाडीभाडं आणि गोळ्या माझ्या सरकारी निराधार योजनेच्या पैशात निघायच्या. डब्यात चढताना मी मागून रेटायचो आणि ती पुढून मला शिव्या द्यायची. कोणी उठून जागा दिली की बसायची, पण कोणी "बिचारी" म्हटलं की उठून उभी राहायची. सौंदडला एक बाई चढायची, शिंगाडे विकणारी. तिनं विचारलं, हात कायनं झाला? अनुसया म्हणाली, "चाळीस वर्षं काम केलं, आता सुट्टीवर आहे."

हातवाली मॅडम वयानं पोरच. नागपूरची, भाषा स्वच्छ. तिच्या टेबलावर लाकडाच्या खुंट्या, रंगीत मणी, कपड्याचे चिमटे आणि कणकेसारखी पिवळी माती. पहिल्या दिवशी अनुसयानं ते सगळं पाहिलं आणि मला म्हणाली, "अंगनवाडीत आनलं का मले?" मॅडमला ऐकू गेलं. ती म्हणाली, "हो आजी, हात पुन्हा बालवाडीत गेलाय तुमचा." अनुसयाला ते उत्तर आवडलं. कोणी तोडीस तोड बोललं की तिला माणूस आवडायचं.

मग दोघींची जमली. खुंटी उचल म्हटलं की अनुसया म्हणायची, खुंटी खाऊ का मी? मॅडमनं एक दिवस खुंट्या बाजूला केल्या आणि वाटीत मुरमुरे आणले. एक मुरमुरा चिमटीत धरायचा आणि दुसऱ्या वाटीत टाकायचा. मी बाजूच्या स्टुलावर बसलो होतो. अनुसयाचं तोंड त्या हाताच्या जोरानं वाकडं व्हायचं, जीभ बाहेर यायची. मुरमुरा धरायची, हात उचलायची, मुरमुरा चटईवर. पुन्हा. चटईवर पांढरं पांढरं झालं. बाकीचे पेशंट पाहत होते. एक शाळामास्तर होते, त्यांचाही हात गेलेला, ते म्हणाले, बाई, सावकाश. ती म्हणाली, "गुरुजी, तुमी तुमचा पाहा." आणि मग एक मुरमुरा वाटीत पडला. तिनं तो डाव्या हातानं परत उचलला, मास्तरांना दाखवला आणि खाऊन टाकला. मॅडम ओरडली, आजी, तो मोजायचा होता! अनुसया म्हणाली, "माह्या हातचा आहे. मी खाईन का तू?"

त्या दिवशी परतताना गाडीत ती खिडकीतून बाहेर पाहत मूठ मांडीवर घेऊन बसली होती आणि डाव्या हातानं तिला थोपटत होती, जसं झोपलेल्या पोराला थोपटतात.

पाय मात्र मागं पडत गेला. आधी भिंत लागायची, मग भिंत आणि मी, दोन्ही. दिलीप फोनवर म्हणायचा, मी सांगत होतो. मी तिला ते सांगत नव्हतो. तिला दिसत होतंच. एकदा अंगणात बसून राहिली, उठता येईना, मी सुलोचनाला हाक मारून आणलं. दोघांनी उचलली. उठल्यावर म्हणाली, "पायाले म्हना, तू थांब. आधी याचं होऊ दे." तिनं आपल्या अंगातल्या दोघांना असे नंबर लावून दिले होते.

मागच्या गुरुवारी मॅडमनं तिची बोटं एकेक उघडून पाहिली, मागंपुढं केली आणि म्हणाली, "आजी, मुरमुरे झाले. पुढच्या वेळी घरून भात आणा डब्यात. वरण टाकून, मऊ. इथंच जेवून बघू हातानं."

अनुसया म्हणाली, "तू बसशील का माह्यासंगं?"

"बसेन की."

"मंग तुह्यासाठी बी आनते. तुमच्या नागपूरले भात कुठी भेटते असा."

घरी आल्यावर सुलोचनाला बोलावून सांगितलं. कोणता तांदूळ घ्यायचा, तो किती शिजवायचा, यावरून दोघींची भांडणं झाली. मंगळवारी नखं कापली तीही त्यासाठीच. नख भातात बुडतं, म्हणाली, घाण दिसते मॅडमसमोर.

बुधवारी सकाळी मी चहा ठेवला आणि हाक मारली. तिची सवय होती, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. मी दुसरी मारली. चहा गाळून घेतला. मग आत गेलो. ती कुशीवर होती, भिंतीकडं तोंड करून. अंग थंड झालं होतं.

डॉक्टर आले, म्हणाले झोपेतच दुसरा झटका आला, काही कळलं नसेल. दिलीप दुपारपर्यंत आला. बायकांनी आत अंघोळ घातली. मी ओसरीत बसलो होतो. सुलोचना बाहेर आली, पदर ओला, आणि म्हणाली, "भाऊजी, तिचा हात उघडला. साऱ्या बोटायसकट. अंघोळ घालताना पाह्यला. सुखानं गेली म्हनायची."

मी म्हणालो, "मेल्यावर उघडला, त्याचा काय उपेग?"

ती रडायला लागली. तिच्यावर रागवायचं नव्हतं मला. पण दुसरं तोंडात आलं नाही. अनुसया असती तर तीही हेच म्हणाली असती.

मी आत जाऊन पाहिलं. पांढरं लुगडं नेसवलं होतं, केस विंचरले होते, तोंड सरळ झालं होतं. हात बाजूला, तळवा वर. तळव्याच्या मधोमध नखांच्या जुन्या खुणा, काळ्या पडलेल्या. इतके महिने तो तळवा मी नुसता बोटं फाकवून, चोरून पाहिल्यासारखा पाहिला होता. आता पुरा दिसत होता. मोठा हात होता तिचा. मी हे विसरलो होतो. बुद्धवंदना झाली, लोक उठले, दिलीपनं मला धरलं, आणि आम्ही तिला नेलं.

गुरुवारी सकाळी घरात पाहुणे झोपलेले होते. मी उठलो, तोंड धुतलं, धुतलेला सदरा घातला आणि स्टेशनवर गेलो. कोणाला सांगितलं नाही. नंबर लागलेला होता, कळवलं पाहिजे होतं. फोनवर सांगता आलं असतं. पण मॅडम पोर आहे, तिला असं फोनवर कायला सांगायचं, तोंडानं सांगू असं मला वाटलं. गाडीत जागा होती. मी उभाच राहिलो.

दवाखान्यात गुरुजी बसलेले होते. त्यांनी माझ्या मागं पाहिलं, दाराकडं पाहिलं. आतून मॅडमचा आवाज आला, "आजी आल्या का? बसवा त्यांना, आलेच मी." मी आत गेलो. टेबलावरून खुंट्या, मणी सगळं काढलेलं होतं. स्वच्छ पुसून त्यावर दोन स्टीलच्या थाळ्या ठेवल्या होत्या. नवीन होत्या, एकीवर दुकानाची चिठ्ठी तशीच होती.

मॅडम हात पुसत आली.

"आजी कुठायत, आजोबा?"

मी तोंड उघडलं. एवढा वेळ गाडीत जे तयार करून आणलं होतं ते बाहेर निघेना.

"नाई आली आज."

"बरं नाही का?" आणि मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "पैशाचं असेल तर नंतर बघू आपण. पण आता सोडू नका हं. हात सुटायला लागलाय त्यांचा. पुढच्या गुरुवारी नक्की आणा. आणि भाताचा डबा विसरू नका."

मी हो म्हणालो. आणि बाहेर येऊन पुढच्या गुरुवारचा नंबर लावला.